सत्याहत्तर पूर्णांक एक

३ मार्च, सोमवार

७७.१. पुन्हा तेच!

पाच आठवडे झाले, काटा जागचा हलत नाही. उतरले, परत चढले. गाऊन काढून चढले. चष्मा काढून चढले, तर आकडाच दिसेना, म्हणून चष्मा लावून चढले. ७७.१.

सप्टेंबरात ८६.४ होते. हाडांच्या डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, सांधा बदलावा लागेल, पण पंचाहत्तरच्या वर असाल तर मी सुरी उचलणार नाही. ६ मे ही तारीख दिली आहे. २५ एप्रिलला ते स्वतः वजन करणार. जास्त भरलं तर खाट पुढच्या माणसाला, आणि माझा नंबर पुन्हा वर्षभराने. वर्षभर! आत्ता तीन मजले मी बसून उतरते, रांगत्या मुलासारखी, एकेक पायरी. तळमजल्यावरच्या बाई दार किलकिलं करून बघतात. बघू देत.

नऊ किलो मोजूनमापून घालवले. दोन किलो शंभर ग्रॅम राहिले, आणि ते दारात धरणं धरून बसलेत.

५ मार्च, बुधवार

आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आले. वय असेल अठ्ठावीस. मी मनात तिला काकडी म्हणते. सडपातळ, हिरवा कोट, आणि आतून थंडगार.

वही पुढे ठेवली. रोजचे तेराशे उष्मांक, ग्रॅमसकट, सप्टेंबरपासून एक दिवस चुकलेला नाही. तिने ती पंख्याने उडावी तशी चाळली.

"काकू, कुठेतरी काहीतरी तोंडात जातंय. या वयात शरीर कमी जाळतं, ते मी धरलंच आहे. पण इतके आठवडे अजिबात हलायचं नाही म्हणजे लिहिण्यात चूक आहे. माणसाच्या लक्षात येत नाही. अंदाजे लिहीत जाऊ नका."

अंदाजे! मला! चौतीस वर्षं वजनमापं निरीक्षक होते मी. मी कोपऱ्यावर दिसले की अख्खा बाजार फडकी काढून तागड्या पुसायला लागायचा. लोक काटा मारायचे आणि मी तो पकडायचे, हा माझा धंदा होता. आणि ही पोरगी मला सांगते की मी काटा मारते!

तिला म्हटलं, मी चौतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासले आहेत. तर म्हणते, "मग आता स्वतःचा तपासा ना, काकू."

तेव्हा 'बरं' म्हणून वही उचलली आणि निघाले. बसथांब्यावर पोचेपर्यंत सहा झणझणीत उत्तरं सुचली. मिशनच्या शाळेतल्या सिस्टर लोकांनी बारा वर्षं फक्त 'यस सिस्टर' शिकवलं, त्याचा हा परिणाम.

ठीक आहे. तपासते.

७ मार्च, शुक्रवार

काट्यापासून सुरुवात. धान्याच्या दुकानदाराकडे गेले. याला मी तीनदा दंड केला होता. मला पाहताच त्याचा हात आपोआप फडक्याकडे गेला. म्हटलं, निवृत्त झालेय, बसा. वीस-वीस किलोची तीन वजनं एक दिवसासाठी द्या. बिचाऱ्याने हमालाकरवी तीन मजले वर पाठवली. बहुतेक अजून घाबरतो. छान वाटलं.

न्हाणीतल्या काट्यावर तिन्ही ठेवली. ६०.०. कोपऱ्यांवर सरकवून पाहिली. ६०.०. स्वयंपाकघरातला छोटा काटा निरोपसमारंभात मिळालेल्या मखमली पेटीतल्या पितळी वजनांनी तपासला. पाच ग्रॅमपासून दोनशेपर्यंत बिनचूक.

काटे खरे निघाले. म्हणजे खोटी मीच.

छे!

९ मार्च, रविवार

मास्तरांनी आज पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. दोन महिन्यांतलं दुसरं. माझ्यासमोर पट्टा आवळून दाखवला आणि म्हणाले, "बघ इन्स्पेक्टर, न मोजता!"

अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवलेला हा माझा नवरा. जेवायला बसला की ताटात भाताचा डोंगर, बाजूला बटाट्यांच्या टेकड्या. मी एकेक वाटाणा काट्यावर ठेवायचा, आणि बारीक होणार हे! कुठला न्याय?

दुपारपर्यंत बोलले नाही. त्यांना कळलंही नाही, आडवे झाले होते.

११ मार्च, मंगळवार

तेल चमच्याने घेत होते. चमचा शिगोशीग, म्हणजे सहा ग्रॅम, लिहीत होते पाच. चहातलं दूध 'थोडं' लिहिलं होतं. मीच! 'थोडं' हे माप पावतीवर लिहिणाऱ्याला मी फाडून खाल्लं असतं. मीठ बघायला पळीतून एक घोट, तो तर लिहिलेलाच नाही.

सगळं धरून दिवसाला सत्तर उष्मांक. चूक ती चूक, वहीत लाल शाईने लिहिली. पण सत्तरने पाच आठवडे अडत नाहीत. हिशेबाने अजून चारशे तरी कुठेतरी मुरताहेत.

१२ मार्च, बुधवार

७७.१.

१५ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं, तर काकडीचीच बाजू! म्हणे, आई, तू येताजाता शेंगदाणे टाकतेस तोंडात, मला माहितेय. अगं, शेंगदाणे घरात आणले नाहीत सप्टेंबरपासून. मग म्हणे, चिडू नकोस, सगळ्यांचंच होतं असं.

सगळ्यांचं होत असेल. माझं होत नाही.

बाबांना दे म्हणाली. बाबा झोपलेत म्हटलं. सकाळी अकराला? हो, हल्ली साहेब निवृत्ती मनावर घेतात.

१८ मार्च, मंगळवार

उपाय सुचला. आपण दुकानावर धाड घालायचो तेव्हा एकट्याने कधी जायचो नाही. पंच लागायचा. स्वतःच्या मालाची तपासणी स्वतः करायची नाही, हा पहिला नियम, आणि मी पहिल्याच नियमाला फाटा दिला!

पासंगला फोन केला. आमच्या कचेरीतला शिपाई, माझ्याबरोबर बावीस वर्षं वजनांची पेटी वाहिली. पेटी नेहमी उजव्या खांद्यावर, त्यामुळे तो खांदा कायमचा खाली गेला. तागडीची दोन पारडी जुळावीत म्हणून हलक्या बाजूला बांधतात तो दगड म्हणजे पासंग. डाव्या खांद्याला एक बांधला की हा सरळ होईल, असं कोणीतरी म्हणालं आणि नाव पडलं. तोही आता पासष्टीचा.

म्हटलं, एक दिवस सकाळपासून माझ्याकडे बसायचं आणि माझ्या तोंडात जे जे जाईल ते लिहायचं.

 मग म्हणाला, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

२० मार्च, गुरुवार

सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

पासंग आठ वाजता हजर. वही, पेन, कचेरीतला जुना चष्मा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसला. मास्तरांना इतकी गंमत वाटली की त्यांनी त्याला दोनदा विचारलं, माझंही लिहिणार का? पासंग म्हणाला, हुकूम फक्त बाईंचा आहे, पण समोर दिसेल ते लिहायची सवय आहे.

मी शहाण्यासारखी वागले. नाश्ता मोजून, चहा मोजून. दुपारी माझा भात ऐंशी ग्रॅम, वाटाणे साठ, कोंबडीचा तुकडा नव्वद. मास्तरांनी नेहमीप्रमाणे स्वतःचं स्वतः वाढून घेतलं. मी मोजायला लागल्यापासून आमच्यात तसंच ठरलंय, तू तुझं तोल, मी माझं घेतो. जेवणं झाली. मी ताटं उचलून मोरीकडे गेले. नळ सोडला. मागून पासंगचा आवाज आला.

"बाई, हे कुठे लिहिता?"

"काय कुठे लिहू?"

"आत्ता खाल्लंत ते."

मी म्हटलं, मी काही खाल्लं नाही, मी भांडी घासतेय. तो उठून जवळ आला आणि माझ्या हातातल्या ताटाकडे पेनाने दाखवलं. मास्तरांचं ताट. त्यात मघाशी चांगला पाव डोंगर उरला होता, दीड बटाटा होता. आता काही नव्हतं. आणि माझ्या तोंडात बटाटा होता.

देवाशपथ सांगते, मला माहीत नव्हतं!

मी त्याला जेवणात धरतच नाही. ते भांडी घासणं आहे. शाळेच्या जेवणघरात सिस्टर दाराशी उभी असायची, प्रत्येकीचं ताट हातात घेऊन उलटं करून बघायची. खाली शीत पडलं तर परत बाकावर. तेव्हापासून उरलेलं ताट मी नळाखाली धरूच शकत नाही. ताट रिकामं होतं, मग धुतलं जातं. मध्ये काय होतं ते मी पन्नास वर्षं पाहिलेलं नाही. काट्यावर ठेवलं ते अन्न, मोरीपाशी उभ्याने गेलं ते काम!

रात्रीच्या जेवणानंतर हात मागे बांधून उभी राहिले आणि मास्तरांचं उरलेलं पासंगने तोललं. दुपारचा अंदाज धरून, सकाळचा अर्धा लोण्याचा पाव धरून, चारशे तीस उष्मांक.

चारशे तीस! सापडला चोर!

पासंगने कागद सही करून दिला, तोही अगदी सरकारी. 'बाईंनी दुपारी मोरीपाशी उभ्याने मास्तरांचे उष्टे खाल्ले. मास्तर दर घासाला पाणी पितात. बाई दर घासाला काटा बघतात.' म्हटलं, मधलं वाक्य अनावश्यक आहे. म्हणाला, "दिसलं ते लिहिलं, बाई."

२१ मार्च, शुक्रवार

मास्तरांची उलटतपासणी घेतली. खायचं नाही तर एवढं वाढून घेता कशाला?

आधी हसले. मग पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "तू मूठभर भातावर उठतेस. मला बघवत नाही गं. म्हणून चार घास मुद्दाम ठेवायचो. तू संपवायचीस, मला बरं वाटायचं."

म्हणजे मी इकडे वाटाणे मोजतेय आणि हा माणूस मला चोरून खायला घालतोय! चाळीस वर्षांत कधी एक फूल आणलं नाही, आणि आणलं ते काय तर बटाटे!

भयंकर रागावले. तीन वेळा रागावले. तिसऱ्यांदा नीट जमलं नाही.

हुकूम काढला. आजपासून तुमचं ताट तुम्ही संपवायचं. उरलंच तर ते डब्यात, तोलून, वहीत लिहून. मी हात लावणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार

७६.६!! हलला!

४ एप्रिल, शुक्रवार

७६.२. काकडीला पासंगच्या कागदासकट वही नेऊन दाखवली. चूक होती, ती कबूल केली. पण अंदाजाने लिहिल्याची नव्हती, न लिहिल्याची होती, हे तिच्याकडून वदवून घेतलं. दोन्हींत फरक आहे. ती म्हणाली, "काकू, तुमच्यासारखी उरलेल्याची वही कोणी ठेवलेली मी पाहिली नाही." मी म्हटलं, मला बाई म्हणा.

म्हणाली बाई. पोरगी तशी वाईट नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

७५.७. आज दोन जिने बसून आणि एक उभ्याने. तळमजल्यावरच्या बाईंना म्हटलं, दार पुरतं उघडा, सगळं दिसेल.

१६ एप्रिल, बुधवार

फ्रिजमध्ये डबे मावेनात. एकावर एक चार.

मागची पानं उलटली. मास्तरांचं उरलेलं: २१ मार्च, ३१० ग्रॅम. २९ मार्च, ३३५. ६ एप्रिल, ३६०. काल, ३९०.

हे जुळत नाही.

माझ्यासाठी ठेवत होते ना? मग मी खाणं बंद केलं त्याला चार आठवडे होत आले. ठेवण्याचं कारण संपलं. ताट रिकामं व्हायला हवं. उलट वाढतंय! एखाद्या दुकानदाराने असा खुलासा दिला असता, तर मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेले असते. नवऱ्याने दिला, तर मी चार आठवडे विरघळून बसले.

आणि हा माणूस तर ताट असं पुसून खायचा की घासायचं काय, असा प्रश्न पडावा. आमचं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी पहिली ताकीद दिली होती, पातेलं याच्यासमोर ठेवू नकोस.

जेवताना समोर बसले. मोजलं. घास, पाणी. घास, पाणी. नवव्या घासाला ताट बाजूला.

म्हटलं, काट्यावर चढा. तर म्हणाले, "माझं माप नको घेऊस बाई, मी तुझ्या हद्दीत येत नाही." आणि खोलीत जाऊन आडवे झाले.

१८ एप्रिल, शुक्रवार

७५.३. लिहायचं म्हणून लिहिलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

मास्तरांना बरोबर नेलं. म्हटलं, जिने उतरायला हात लागेल. खरंतर हात मीच दिला. तिसऱ्या जिन्यावर त्यांना दम लागला आणि आम्ही दोघं शेजारीशेजारी पायरीवर बसलो. तळमजल्यावरच्या बाईंनी आज दार लावून घेतलं.

हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला काटा उभा, जुन्या पद्धतीचा, सरकत्या वजनाचा. शिक्का बघितला. मुदतीतला आहे. ७४.९. डॉक्टर खुश, नर्स खुश. "सहा तारखेची खाट तुमची."

सात महिने याच वाक्यासाठी घालवले होते. खाली उतरले आणि मास्तरांना म्हटलं, बूट काढा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत हा माणूस माझ्याशी वाद घालत नाही, ते मला माहीत होतं, म्हणूनच इथवर आणलं होतं. स्वेटर काढला. आतून दुसरा स्वेटर निघाला. तोही काढला. मग शर्ट खांद्यावर असा लोंबत होता, जणू खिळ्याला टांगलाय.

नर्स वजन डावीकडे सरकवत राहिली. मी तिला म्हटलं, थांबा, दांडी स्थिर होऊ द्या.

५६.८.

गेल्या वर्षीच्या तपासणीत सदुसष्ट होते. माझे ग्रॅम ग्रॅम सगळ्या गावाने मोजले. यांचे दहा किलो घरातून गेले आणि दारावर मी बसले होते!

बाकावर बसल्यावर हळूच म्हणाले, "तुझी तारीख होऊन जाऊ दे म्हटलं. मग सांगणारच होतो."

म्हटलं, तुम्ही गप्प बसा. मी चिडले आहे. मग बूट मीच घातले त्यांना, वाकून. गुडघा कडकड वाजला. वाजू दे.

डॉक्टरांना म्हटलं, सहा तारखेची खाट दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, तुमचा नंबर वर्षभर मागे जाईल. जाऊ द्या. बसून उतरता येतं मला.

सोमवारी पोटाच्या डॉक्टरांकडे. नंबर नव्हता. भांडून मिळवला.

२८ एप्रिल, सोमवार

पोटाच्या डॉक्टरांनी घशापासून पोटापर्यंत दाबून पाहिलं. दुर्बीण घालायची आहे, बुधवारी. मग विचारलं, घास अडकायला कधीपासून लागला? नक्की तारीख कळली तर बरं.

मास्तर म्हणाले, झाले असतील दहा-बारा दिवस.

मी वही उघडली. माझं वजन ज्या दिवशी अडलं ते पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"सत्तावीस जानेवारी," मी म्हटलं. "लिहून घ्या."